काही व्हत नही

दसऱ्याला आमच्या घरी, शहाद्याजवळच्या गावात, चाक असलेली प्रत्येक वस्तू अंगणात येते. वडिलांची मोटरसायकल, काकांचा ट्रॅक्टर, पाण्याची ट्रॉली आणि गेल्या तीन वर्षांपासून माझी सायकल. सगळ्यांना पाणी मारायचं, झेंडूची माळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, एकच नारळ सगळ्यांच्या नावाने फोडायचा. माझ्या सायकलला माळ कुठे घालायची यावर दरवर्षी चर्चा होते, कारण ट्रायथलॉनच्या सायकलला पुढे दोन दांडे निघालेले असतात. आई त्यांना शिंगं म्हणते आणि पोळ्याला बैलाला बांधावी तशी माळ त्यांना बांधते.

यंदा मागच्या टायरला कुंकू लावताना अंगठा अडकला. टायरचा मधला भाग घासून सपाट झाला होता आणि त्यात नखाएवढी चीर होती. चीर जरा ताणून पाहिली तर आतून पांढरे धागे दिसले. टायर म्हणजे नुसतं रबर नसतं. आत विणलेल्या धाग्यांचं कापड असतं, हवेचा दाब ते कापड पेलतं, रबर फक्त त्याचं संरक्षण करतं. धागे दिसू लागले म्हणजे पांघरूण फाटलं.

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ पंधरा दिवसांवर आली होती. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. दहा महिने मी यासाठी पहाटे साडेचारला उठत होतो. पुण्यातल्या ज्या ग्रुपबरोबर सराव करतो तिथे विचारलं, "टायर बदलू का?" उत्तरं दहा मिनिटांत आली आणि जवळपास सगळी सारखीच. शर्यतीच्या तोंडावर नवीन काही करायचं नाही. एकाने लिहिलं, "इतके महिने चाललंय ना? अजून ९० किलोमीटरच तर चालवायचंय."

हे शेवटचं वाक्य मला पटलं. पटलं म्हणूनच त्रास द्यायला लागलं.

'शर्यतीच्या दिवशी नवीन काही नको' हा नियम खोटा नाही. ज्याने पहिल्यांदाच नवं एनर्जी जेल खाऊन धावायला सुरुवात केली आणि पाचव्या किलोमीटरला झुडूप शोधलं, त्याला विचारा. नवे बूट चावतात, नवे मोजे फोड आणतात, नवा पोहण्याचा चश्मा नेमका समुद्रात गळतो. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. तिथे शरीराला सवय व्हावी लागते. पोटाला जेलची, टाचेला बुटाची. टायरला माझ्या शरीराची सवय होण्याचा प्रश्न नाही. टायर नीट बसला आहे की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि ते तपासता येतं. सवयीच्या गोष्टी आणि तपासणीच्या गोष्टी एकाच नियमात कोंबल्या की नियम सोपा होतो, लक्षात राहतो, आणि चुकीच्या ठिकाणी लागू होतो.

इंजिनिअरिंगला आम्हाला एक आलेख शिकवला होता. यंत्राचा एखादा भाग किती वेळाने बिघडतो याचा. त्याचा आकार न्हाणीघरातल्या टबासारखा असतो म्हणून त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. डावीकडे उंच भिंत: नवा भाग सुरुवातीलाच बिघडण्याची शक्यता जास्त, कारण कारखान्यातला दोष किंवा बसवण्यातली चूक लगेच बाहेर पडते. मधे लांब सपाट तळ: इथे बिघाड क्वचित आणि योगायोगाने. उजवीकडे पुन्हा चढण: झीज.

टायरचंही असंच. नवा टायर बसवताना ट्यूब कडेखाली चिमटली तर ती तासाभरात फुटते. कड रिमवर सगळीकडे सारखी बसली नाही तर चाक फिरताना टायर उड्या मारतो. नव्या रबरावर सुरुवातीला एक गुळगुळीतपणा असतो, तो पहिल्या काही किलोमीटरमध्ये निघून जातो. म्हणजे डावी भिंत उंच आहे खरी, पण जाडीला अगदी कमी. एखाद-दोन राइडमध्ये ती मागे पडते. ग्रुपवरचे सगळे मला याच भिंतीची भीती घालत होते. मी उजव्या चढणीवर कुठे उभा आहे, हे कोणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. धाग्यांचा फोटो मी टाकला नव्हता, हे आता कबूल करतो.

जुनं म्हणजे चांगलं ही श्रद्धा सायकलीच्या जगाला नवी नाही. युरोपातले शर्यतपटू एकेकाळी शर्यतीचे टायर तळघरात वर्ष-वर्ष टांगून मुरवत, दारू मुरवावी तसे. मुरलेला टायर कमी पंक्चर होतो असा समज. पुढे अनेक जाणकारांनी सांगितलं की रबर काही मुरत नाही, ते नुसतं वाळतं. आमच्याकडे लोणचं मुरतं, टायरला भेगा पडतात.

*

"इतके महिने चाललंय ना?" या वाक्याकडे परत येतो.

बर्ट्रांड रसेलने १९१२ सालच्या 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' या पुस्तकात एका कोंबडीचं उदाहरण दिलं आहे. रोज एक माणूस येतो, दाणे टाकतो. कोंबडीचा विश्वास दर दिवशी वाढत जातो. एक दिवस तोच माणूस येतो आणि तिची मान पिरगळतो. गंमत अशी की त्या शेवटच्या सकाळी कोंबडीकडे पुरावा सगळ्यात जास्त होता. आमच्या गल्लीत पावणे आले की काय होतं हे मी लहानपणापासून पाहिलं असल्यामुळे मला हे उदाहरण समजायला तत्त्वज्ञानाचा वर्ग लागला नाही.

पण टायरची गोष्ट कोंबडीपेक्षा वाईट आहे. कोंबडीने रोज दाणे खाल्ल्यामुळे तो माणूस क्रूर होत नव्हता. टायरचं तसं नाही. प्रत्येक सुखरूप राइड मला सांगते की टायर भरवशाचा आहे आणि तीच राइड त्याचा एक पातळ थर काढून नेते. माझ्याकडे २,८०० किलोमीटरचा बिनतक्रार रेकॉर्ड होता. पण तो रेकॉर्ड ज्या टायरचा होता, तो टायर आता अस्तित्वात नव्हता. त्याचं रबर पुणे, मुळशी आणि शहाद्याच्या रस्त्यांवर सांडलं होतं. चाकावर जे उरलं होतं त्याची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती.

या अर्थाने जुना टायर हीच त्या दिवशी माझ्याकडची सगळ्यात नवी वस्तू होती. इतक्या झिजलेल्या टायरवर मी याआधी कधीच ९० किलोमीटर शर्यत केली नव्हती.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत भरकटून नष्ट झालं. कारण नवा कोड नव्हे. एरियान-४ वर वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड तसाच उचलून नव्या रॉकेटमध्ये टाकला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, आकडा १६ बिटांच्या खणात मावला नाही. 'हे चाललेलं आहे' हे वाक्य कुठे, कशावर, किती झिजेपर्यंत चाललेलं आहे, हे सांगितल्याशिवाय अर्धवटच असतं.

*

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ती कुठल्याही कंपनीत घडू शकली असती.

सणासुदीच्या सेलच्या आधी आमच्याकडे 'फ्रीझ' लागतो. दोन आठवडे कोणीही काहीही बदलायचं नाही. शहाणपणाचा नियम आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. एका वर्षी त्या दोन आठवड्यांच्या मधोमध आमच्या एका सर्व्हरच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपत होती. मेल येत होते. तीस दिवस उरले, पंधरा दिवस उरले, सात. नऊ जणांच्या टीममध्ये ते मेल नऊही जणांना जात होते, त्यात मीही होतो. फ्रीझच्या आधी कोणी केलं नाही कारण कामं होती. फ्रीझ लागल्यावर कोणी केलं नाही कारण फ्रीझ होता. शनिवारी मध्यरात्री मुदत संपली आणि सगळं बंद.

मला त्या रात्रीपेक्षा सोमवारची मीटिंग जास्त आठवते. अशा मीटिंगचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय बदललं? कोणी बदललं? शेवटचा बदल कोणाच्या नावावर आहे? आमचं सगळं पाहणीचं तंत्र या प्रश्नावर उभं आहे. आणि त्या दिवशी प्रामाणिक उत्तर होतं, काहीच बदललं नाही. कोणीच काही केलं नाही. खोलीतले नऊ चेहरे एकदम सैल झाले. शेवटी अहवालात लिहिलं गेलं की 'प्रक्रियेत त्रुटी आढळली'. प्रक्रियेला पगारवाढ नसते, त्यामुळे ती नाकारताही येत नाही.

टायरच्या बाबतीत मी स्वतःशी हीच मीटिंग आधीच घेऊन टाकत होतो. समजा, जुना टायर गोव्यात फुटला. लोक म्हणतील, बिचारा, नशीब. काच आली असेल. मी घरी येऊन सांगेन, पंक्चर झालं, काय करणार. समजा, नवा टायर बसवला आणि तो फुटला. लोक म्हणतील, सांगितलं होतं ना? आणि मी जन्मभर त्या संध्याकाळचा विचार करेन. दोन्हीकडे रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलणारा माणूस तोच आहे, गेलेली मिनिटंही तीच आहेत. फरक एवढाच की एकीकडे दोष काचेचा आहे आणि दुसरीकडे माझा.

म्हणजे मी टायरमधून निवड करत नव्हतो. मी दोष कोणाच्या नावावर पडेल यातून निवड करत होतो.

यावर अभ्यास झालेला आहे. इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये लोकांसमोर एक कल्पित परिस्थिती ठेवली. फ्लूच्या एका साथीत दर १०,००० मुलांमागे १० दगावणार आहेत. लस दिली तर फ्लू टळेल, पण लसीनेच काही मुलं दगावू शकतात. लसीमुळे किती मृत्यूंचा धोका असला तरी तुम्ही लस द्याल? हिशोबाने नऊपर्यंत द्यायला हवी. पण बऱ्याच लोकांनी त्याहून खूपच कमी आकडा सांगितला. आपल्या हाताने काही होण्यापेक्षा आपण हात न लावल्याने जास्त झालेलं माणसाला चालतं. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहण्याची गोष्ट येते. शाळेत स्पर्धेसाठी तो अध्याय पाठ केला होता, तिसरं बक्षीसही मिळालं होतं. अर्थ कुंकवाने माखलेल्या अंगठ्यापाशी आला.

*

त्या संध्याकाळी सोनं द्यायला मामेभाऊ आला. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तोरणमाळ, धडगावच्या बाजूला जीप चालवतो. आपट्याची पानं हातात देऊन त्याने सायकलकडे पाहिलं. मी टायर दाखवला, दादाने चिरेवरून बोट फिरवलं आणि हसला.

"काही व्हत नही, भो."

अहिराणीत याचा अर्थ 'काही होत नाही'. पण आमच्याकडे ते नुसतं वाक्य नाही, तो रस्ता ओलांडण्याचा, पूल ओलांडण्याचा, कर्ज काढण्याचा परवाना आहे. मग त्याने नव्या टायरची किंमत विचारली. मी सांगितली, एकाचे साडेपाच हजार. तो खाली बसला.

"इतक्यात माझ्या जीपला टायर येतं."

बरोबर होतं. त्याच्या जीपला मागे रिमोल्ड टायर आहेत. म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेले. पुढचे दोन मात्र बरे आहेत. तो म्हणाला, "मागचं फुटलं तर गाडी शेपूट हलवते. पुढचं फुटलं तर घाटात काय खरं नाही." चारचाकीबद्दल तज्ज्ञांचं म्हणणं वेगळं आहे, ते चांगली टायरं मागे लावायला सांगतात. पण सायकलीबद्दल दादाचं सूत्र अगदी खरं आहे आणि बहुतेक हौशी सायकलवाले नेमकं उलटं करतात. मागचा टायर लवकर झिजतो म्हणून नवा टायर मागे टाकतात. खरं तर पुढचा टायर मागे न्यावा आणि नवा पुढे बसवावा, कारण मागचा फुटला तर बहुधा सावरता येतं, पुढचा फुटला तर वळणावर सावरणं अवघड. नवी वस्तू जिथे लवकर संपते तिथे लावायची नाही, जिथे तिच्या चुकण्याने जास्त नुकसान होईल तिथे लावायची. मला हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

दादाच्या 'काही व्हत नही'ला आणि माझ्या 'नवीन काही नको'ला मी त्या रात्री शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. ऐकायला भावंडंच. दोन्हींचा परिणाम एकच, झिजलेला टायर चाकावर राहतो. पण दादाचं वाक्य पैशातून येतं. जीपचे हप्ते, पावसाळ्यात बंद राहणारा धंदा, वरच्या पाड्यांवरून येणाऱ्या माणसांकडून मिळणारं भाडं, यातून टायरचे पैसे काढायचे म्हणजे कुठलं तरी दुसरं भोक पाडायचं. त्याचा निर्णय बरोबर आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या जीपमध्ये माणसं बसतात. २०२१ च्या जानेवारीत तोरणमाळजवळ खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत कोसळली आणि त्यात जीव गेले. तो अपघात टायरमुळे झाला असं मी अजिबात सुचवत नाही. पण त्यानंतर त्या घाटातल्या कुठल्याही गाडीच्या चाकांकडे पाहिलं की पोटात कालवतं. दादाकडे निदान कारण आहे. माझ्याकडे साडेपाच हजार होते. माझ्या न बदलण्यामागे फक्त माझी इभ्रत होती.

आणि आता जी गोष्ट मी दादाला सांगितली नाही ती.

माझ्या फोनमध्ये त्या चिरेचा एक फोटो आहे. तो दसऱ्याच्या जवळजवळ चार आठवडे आधीचा आहे. पुण्यात सायकल धुताना मी ती पाहिली होती. फोटो काढला, 'बघू' म्हणून फोन खिशात टाकला आणि बघितलं नाही. मग नवरात्रात गावी आलो आणि सरावासाठी तोरणमाळ चढलो. शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. हजार मीटरहून जास्त उंचीवर यशवंत तलाव आहे. तिथे चहा प्यायलो, फोटो काढले आणि उतरलो. उतरताना सायकल ताशी पन्नासच्या वर जात होती.

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग किती असतो याचा हिशोब सोपा आहे. माझं आणि सायकलचं मिळून वजन ७९ किलो, त्यातलं सुमारे ४५ मागच्या चाकावर. हवा ८५ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ६ किलो. ४५ भागिले ६, साडेसात चौरस सेंटीमीटर. दोन लहान टपाल तिकिटं. पन्नासच्या वेगाने तेवढ्या जागेवर माणूस तरंगत असतो, आणि चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ती चीर त्या तिकिटांखाली येत होती.

एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या. त्यांच्यामागे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा, हातात काठी. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक थोडं सरकलं, थांबलो. मुलगा हसला. मीही हसलो. तो शेळ्या हाकत उतारावरून खाली गेला, मी पुढे निघालो. घरी येऊन ती राइड ॲपवर टाकली, तिला चाळीसच्या वर लाइक मिळाले.

अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने 'नैतिक नशीब' या विषयावर लिहिताना एका ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं आहे. त्याने ब्रेक तपासून घ्यायचं टाळलेलं आहे. रस्त्यात मूल आडवं आलं नाही तर तो थोडा निष्काळजी माणूस, संध्याकाळी घरी जाऊन जेवणारा. मूल आडवं आलं तर त्याच निष्काळजीपणाचं ओझं तो जन्मभर वाहतो. दोघांनी केलं एकच. मधे फक्त मूल आहे, आणि मुलाने केव्हा रस्त्यावर यावं हे त्याच्या हातात नाही. नेगेलला हे कोडं सुटत नाही आणि तो ते सुटल्याचा आवही आणत नाही. परिणामाने माणसाचं माप काढावं की केलेल्या कृतीने? मनाने आपण दुसरं म्हणतो आणि वागतो पहिल्यासारखं.

माझ्या बाबतीत मूल आलं होतं. शेळ्याही आल्या होत्या. टायर टिकला. म्हणून मला ही गोष्ट किस्सा म्हणून सांगता येते आहे. पण त्या वळणावर मी जे होतो ते टायर टिकल्याने बदललं नाही. मला माहीत होतं, फोटो होता, तारखेसकट. ग्रुपवर मी प्रश्न विचारला होता की शर्यतीच्या इतक्या जवळ टायर बदलावा का. खरा प्रश्न होता की चार आठवड्यांपूर्वी का बदलला नाही. आणि 'आता खूप उशीर झाला' हे उत्तर त्या खऱ्या प्रश्नावर चादर घालत होतं. 'फ्रीझ आहे' म्हणत आम्ही नऊ जण बसलो होतो, तसंच.

*

रात्री दोन टायर मागवले. शहाद्याला कुरिअर पाचव्या दिवशी पोचलं, शर्यतीला दहा दिवस राहिले असताना. पंप होता, टायर काढायच्या पट्ट्या पुण्याला राहिल्या होत्या. म्हणून शहाद्यातल्या एका पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी माझ्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून पाहिला आणि "हे काय, इंजेक्शन का?" म्हणाले. पण टायर त्यांनी असा बसवला की मी आजवर तसा बसवला नव्हता. आधी ट्यूबमध्ये जेमतेम आकार धरण्यापुरती हवा. रिममधली पट्टी अंगठ्याने पूर्ण फिरून तपासली. टायर हाताने चढवला, पट्टी न वापरता, शेवटची वीत तळव्याच्या टाचेने. मग दोन्ही बाजूंनी कड चिमटून पाहिली, ट्यूब कुठे डोकावते का. थोडी हवा, चाक फिरवून नजर, मग पूर्ण हवा. पैसे विचारले तर म्हणाले, "मोटरसायकलचं घेतो तितकंच."

मग शहाद्याहून प्रकाशापर्यंत, पपईच्या बागांमधून, तापीच्या पुलावर थांबून, परत. दुसऱ्या दिवशी तळोद्याच्या रस्त्याला. तिसऱ्या दिवशी एक लहानशी. तिन्ही मिळून दीडशेच्या आसपास किलोमीटर झाले. दर राइडनंतर टायरवरून बोट फिरवलं, पूर्ण फेरी. डावी भिंत मागे पडली.

दहाऐवजी तीन दिवस असते तर? धागे दिसत असते तर तरीही बदलला असता, आणि एक तास तरी चालवून पाहिला असता. फक्त घासून सपाट झाला असता, चीर नसती, तर राहू दिला असता. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत? धागे दिसत असतील तर तेव्हाही, आणि सकाळी उजाडायच्या आत गल्लीत चार चकरा. आणि फक्त नवा टायर दोन सेकंद वेगवान आहे असं कुठे वाचलं म्हणून? अजिबात नाही. तिथे तो ग्रुपचा नियम शंभर टक्के बरोबर आहे. हौसेने केलेला बदल थांबू शकतो.

गोव्यात काय झालं हे मी मुद्दाम लिहीत नाही. पंक्चर झालं नाही असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, बघा, बरोबर निर्णय होता. झालं असं लिहिलं तर म्हणाल, सांगितलं होतं. दोन्ही वेळा तुम्ही काचेच्या एका तुकड्याला माझा न्यायाधीश कराल. मित्रांनी, आईने, ऑफिसमधल्यांनी हेच केलं, त्यांना निकाल माहीत होता. निकाल न सांगता ही गोष्ट कोणाला तरी सांगून पाहायची होती.

जुना टायर मी फेकणार होतो. त्याआधीच दादाचा मुलगा तो घेऊन गेला. दुसरीत आहे. दिवाळीला गेलो तेव्हा तो आणि त्याचे मित्र गल्लीत काठीने टायर पळवत होते. चीर आता बरीच रुंद झाली होती, धागे बाहेर लोंबत होते, दर फेऱ्याला जमिनीवर फट्-फट् वाजत होते. हवा नसल्यामुळे टायरला त्याचं काही नव्हतं. दादा जीप काढत होता, वर सीटं भरायची होती. त्याने हॉर्न दिला, पोरं बाजूला झाली. मी पुढच्या चाकांकडे पाहिलं, मग मागच्या. त्याने मला पाहताना पाहिलं.

"भो," तो म्हणाला, "एक तरी बदलतो. होळीनंतर."

मी विचारलं, "आत्ताच घेऊ या का? मी देतो, तू होळीनंतर दे."

त्याने उत्तर दिलं नाही. गिअर टाकला आणि म्हसावदच्या रस्त्याला लागला.